एकोणतिसावी चूक

फणशांच्या वेबसाइटमध्ये मला एकोणतीस चुका सापडल्या. अठ्ठावीस मी टाइप करून दिल्या. एकोणतिसावी मी कळव्याहून सोबत घेऊन डोंबिवलीला गेले आणि त्यांच्याच दुकानात खुर्चीवर बसवली.

लोक सांगतात, झालं गेलं गंगेला मिळालं. ज्याचं काही गेलेलं नसतं तोच हे सांगतो. आमचं जे गेलं ते गंगेला मिळालं नव्हतं, ते डोंबिवलीला स्टेशनजवळ एका दुकानात फळीवर मांडलेलं होतं.

साल नव्याण्णव. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी नोकरीला होते. कंपनी दुकानांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनवायची आणि नुकतीच लोकांच्या वेबसाइटही तपासून द्यायला लागली होती. माझं काम असं की, एखाद्या अनोळखी माणसाला स्क्रीनपुढे बसवायचं, आपण वही घेऊन मागे उभं राहायचं आणि तो कुठे अडतो ते लिहायचं. नियम एकच. मदत करायची नाही. माणूस गोंधळला, घामाघूम झाला, चिडला, तरी सांगायचं नाही की बाबा, तिकडे दाब. कारण तो घरी एकटा बसेल तेव्हा आपण काही त्याच्या मागे उभे नसणार. साहेबांना वाटायचं, हे काय, कोणीही करील. पण तोंड मिटून उभं राहणं सगळ्यांना जमत नाही. मला जमायचं, कारण मला तेरा वर्षांचा सराव होता.

फेब्रुवारीत उत्तरा आली. पंचविशीची, नवीन लग्न झालेली, हातात फाइल. क्लासला जाऊन वेबसाइट बनवायला शिकली होती आणि सासरच्या मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट तिने एकटीने उभी केली होती. अमेरिकेतल्या मराठी लोकांनी ती बघून मसाले मागवावेत असा बेत.

"सहा महिन्यांत तीन हजार लोकांनी बघितली," ती म्हणाली. "ऑर्डरी आल्या अकरा. त्यातल्या चार माझ्या भावाच्या. लोक येतात, बघतात आणि निघून जातात. का जातात तेच कळत नाही. बाबा म्हणालेत, पाडव्यापर्यंत बघतो, नाहीतर कॉम्प्युटर विकून त्या जागी फ्रीज ठेवतो."

"दुकानाचं नाव?"

"फणसे मसाले."

"गोपीनाथ फणसे?"

"माझे सासरे. ओळखता तुम्ही?"

"नावाने," मी म्हटलं, आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की हे काम मीच करणार.

आता ही ओळख कसली ते सांगते. आम्ही कळव्याचे कोळी. बापाची, म्हणजे राघो नाखव्याची, खाडीत होडी होती. पण कारखान्यांच्या पाण्याने खाडी नासली आणि जाळ्यात मासळीऐवजी प्लॅस्टिक यायला लागलं. मग घर चाललं ते आईच्या मसाल्यावर. आईचं नाव शेवंती. चैत्रात ती मिरच्या वाळवायची, सत्तावीस जिन्नस भाजायची आणि मुसळाने कांडायची. वजनकाटा तिला ठाऊक नव्हता. सगळं माप मुठीचं. धने इतक्या मुठी, खसखस अर्धी मूठ, दगडफूल चिमूट-चिमूट करून एक मूठ. डोंबिवलीतली चाळीस घरं तिच्याच हातचा मसाला घ्यायची. कोणाला जहाल लागतो, कोणाला बेताचा, हे तिला घरागणिक पाठ होतं. उरलेला मसाला ती फणशांच्या दुकानात द्यायची. सहा वर्षं दिला. सहा वर्षं ती दुकानाच्या पायरीवर बसली, कारण फणसेशेठना तिच्या लुगड्याला सुक्या मासळीचा वास यायचा. मसाला मात्र आत जायचा.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात शेठ एकदम गोड बोलायला लागले. फोटोग्राफर बोलावून त्यांनी पायरीवर आईचा फोटो काढवला. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून गेली होती. मग शेठ म्हणाले, सरकारला द्यायला जिन्नसांची यादी हवी. आईला लिहिता येत नव्हतं. मला येत होतं. मी दहा वर्षांची, चौथी पास, अक्षर वर्गात पहिलं. त्याच पायरीवर बसून आईने एकेक जिन्नस सांगितला आणि मी शाळेच्या वहीचं पान फाडून त्यावर लिहिला. लिहिताना माझं अर्धं लक्ष समोरच्या बर्फाच्या गोळेवाल्याकडे होतं. आईने शेवटी विचारलं, "सत्तावीस झाले का?" मी मोजले. सत्तावीस होते. ते पान मी माझ्या हाताने शेठना दिलं. आई ही गोष्ट विसरली असेल, पण मी स्वतः विसरलेले नाही.

महिन्याभराने आम्ही डबा घेऊन गेलो तेव्हा दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. शेठनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात चमचाभर मसाला टाकला आणि ग्लास उंच धरला. तळाला लाल गाळ बसला.

"बघा," ते म्हणाले. "विटेची भुकटी. ही बाई आपल्याला वीट खाऊ घालते."

मसाला कोणताही असो, पाण्यात घातला की तळाला बसतोच. हे आज मला कळतं. तेव्हा मलासुद्धा क्षणभर वाटलं, आईने खरंच वीट घातली की काय. आईने मात्र डब्यात हात घातला, मूठभर मसाला तोंडात टाकला आणि चावायला लागली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी चावतेय. "ऐका," ती म्हणाली. "वीट असती तं दात कराकरा वाजले असते. या, जवल येऊन ऐका."

कोणी जवळ आलं नाही. कमळाबाई नावाच्या एक शिक्षिका होत्या, आईच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. त्या पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अगं बाई, आणि आम्ही इतकी वर्षं हे खाल्लं!" शेठनी डबा रस्त्यावर फेकला. त्या महिन्यात चाळीसही घरं सुटली. दिवाळीला फणशांचा स्वतःचा कोळी मसाला पाकिटात आला. आणि आई वागळे इस्टेटमधल्या एका कॅन्टीनमध्ये ताटं घासायला लागली. मी ज्या रस्त्याने रोज कामाला जात होते त्याच रस्त्यावर ते कॅन्टीन आहे.

तर ही ओळख.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून वेबसाइट उघडली. दुपारचे दोन वाजले होते. मोडेम किंचाळला, जोडला गेला, आणि स्क्रीनवर पाटी आली: "दुकान बंद आहे. कृपया चार वाजता यावे."

मला वाटलं काही बिघडलंय. उत्तराला फोन केला.

"नाही, ते तसंच आहे," ती ओशाळून म्हणाली. "बाबांनी करायला लावलं. म्हणाले, एक ते चार आपण जेवून पडतो, तेव्हा गिऱ्हाईक आलं तर गल्ल्यावर कोण असणार? रात्री साडेआठ ते सकाळी नऊ पण बंद. आणि सोमवारी पूर्ण."

मी कागदावर गणित मांडलं. आपल्याकडे रात्री साडेआठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे दहा होतात. आपल्याकडे सकाळी नऊ म्हणजे तिकडे रात्रीचे साडेदहा. फणशांचं दुकान अमेरिका जागी झाली की बंद व्हायचं आणि ती झोपली की उघडायचं. ही चूक नंबर एक. जगात कुठल्याही दुकानदाराने इंटरनेटला वामकुक्षी दिली नसेल, डोंबिवलीकराने दिली.

चार वाजता दुकान उघडलं. पुढच्या चुका भराभर निघाल्या. मराठी अक्षरं अशा फॉन्टमध्ये होती की तो ज्याच्याकडे नाही त्याला सगळीकडे नुसते ठिपके आणि चौकोन दिसावेत. मसाल्याचा भाव कुठेच नाही. "भाव समक्ष किंवा फोनवर". ऑर्डरीच्या अर्जात तेवीस रकाने. त्यात वडिलांचं पूर्ण नाव, मूळ गाव आणि "आमच्या दुकानाची माहिती देणाऱ्या ओळखीच्या दोन व्यक्ती". सगळं भरून बटण दाबलं की सूचना यायची: हा अर्ज छापून, सही करून टपालाने पाठवावा. मला हसू आवरेना. शत्रूच्या घरात शिरावं आणि त्याने स्वतःच सगळी भांडी फोडून ठेवलेली असावीत, तसं झालं.

मग मी "आमची परंपरा" या पानावर गेले.

वर जिन्नसांची यादी होती. मी सवयीने मोजली. सत्तावीस. पाचव्या जागी दगडफूल. एकोणिसाव्या जागी पुन्हा दगडफूल. दहा वर्षांच्या शालनने, म्हणजे मी, गोळेवाल्याकडे बघत बघत दगडफूल दोनदा लिहिलं होतं आणि एक जिन्नस खाऊन टाकला होता. हे लोक तेरा वर्षं तोच कागद समोर ठेवून मसाला करत होते. दगडफूल दुप्पट आणि नागकेशर गायब.

यादीच्या खाली एक फोटो उतरायला लागला. भलामोठा असणार, कारण एकेक रेघ करून येत होता. आधी दुकानाची पाटी. मग केसांतली अबोली. मग कपाळ, कुंकू. भुवया आल्या तेव्हाच मला कळलं होतं, पण मी बसून राहिले. डोळे आले. नथ आली. हसणारे ओठ आले. चार मिनिटं लागली पूर्ण यायला. आमच्या घरात आईचा त्या वयाचा एकही फोटो नाही. ती हसायची कशी तेही मी विसरले होते.

फोटोच्या खाली ओळ आली: "फणसे मसाल्यांची मूळ चव ज्यांच्या हातची, त्या कै. कोळीणआजींना विनम्र अभिवादन."

कै. म्हणजे कैलासवासी. माझी आई त्या वेळी तीन गल्ल्या सोडून ताटं घासत होती.

मी उत्तराला पुन्हा फोन केला. आवाज शक्य तितका सरळ ठेवून विचारलं, "फोटोतल्या बाई कोण?"

"छान आहे ना फोटो? बाबांच्या कपाटात सापडला. ते म्हणाले, कोणी कोळीण मसाला द्यायची, वारली केव्हाच. मीच म्हटलं, मग तिचे आभार तरी मानूया. बाबा नको म्हणत होते, मी हट्टाने टाकला."

"नाव काय तिचं?"

"विचारलं मी. त्यांना आठवत नाही."

पोरीचा यात काही दोष नव्हता. पण मला राग इतका आला होता की, त्या संध्याकाळी मी एक खोटा रिपोर्ट टाइप करायला घेतला. अर्जात आणखी दहा रकाने घाला. फोटो दुप्पट मोठा करा. रविवारीही बंद ठेवा. फणशांनी सगळं केलं असतं आणि पाडव्याला तिथे फ्रीज आला असता. अर्धं पान टाइप करून मी थांबले. वेबसाइट बुडाली असती तर आई तिथे मेलेलीच राहिली असती. सगळं पुसून टाकलं आणि खरा रिपोर्ट लिहिला. अठ्ठाविसावी चूक अशी लिहिली: "जिन्नसांच्या यादीत दगडफूल दोनदा आले आहे." पुढे एक शब्द नाही.

खाली लिहिलं की, काहीही बदलण्यापूर्वी जुन्या गिऱ्हाइकांना बसवून चाचणी घ्यावी. गिऱ्हाइकं मी आणते. पहिली चूक तेवढी आधी दुरुस्त करा.

आईला समजावणं अवघड गेलं.

"मना नको सांगू," ती चूल सारवता सारवता म्हणाली. "त्याचे दारात मी जायाची नाय. त्याचं तोंड बघायचं नाय मना."

"आये, त्याने तुझा फोटो लावलाय. तेव्हाचा, अबोलीवाला."

तिचा हात थांबला. "तो फोटो? मी दोन येलं मागितला व्हता. दिला नाय मेल्यानं. कसा हाय?"

"झकास. पण खाली लिहिलंय की तू मेलीस."

आई उठली. तिने हात धुतले, फडताळातून एक डबी काढली. घरापुरता मसाला ती दर चैत्रात करायची, तो होता. डबी तिने कमरेला खोचून बघितली, पुन्हा काढून ठेवली.

"कवा जायाचं?" तिने विचारलं.

चाचणीला तिघी गिऱ्हाईक बायका मी निवडून घेतल्या. आईला चाळीस घरं तोंडपाठ होती, त्यामुळे पत्ते शोधायला त्रास पडला नाही. तिघीही शहाऐंशीला त्या दुकानात उभ्या होत्या. कमळाबाई आता सत्तरीच्या पुढे, मुलगा अमेरिकेत, त्याला ई-मेल करायला शिकलेल्या. मी कोण हे कोणालाच सांगितलं नाही. वेबसाइटची चाचणी आहे, चहा आहे, एवढंच.

मार्चमधला गुरुवार, सकाळचे साडेअकरा. दुकानाच्या कोपऱ्यात भरतकामाचं कापड पांघरलेला कॉम्प्युटर होता. उत्तराने टेलिफोनची वायर काढून त्याला जोडली. फणसेशेठ गल्ल्यावरून उठून आले. केस पिकले होते, चष्मा जाड झाला होता, बाकी तसेच.

"ह्या चौथ्या कोण?" त्यांनी आईकडे बघून विचारलं. आई पाचवारी नेसली होती आणि तेरा वर्षांत अर्धी झाली होती.

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.

"यांना कॉम्प्युटर येतो?"

"येत नाही, म्हणूनच आणलंय."

"बसा हो बाई," शेठ म्हणाले आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली. सहा वर्षं पायरीवर बसलेली माझी आई त्या दिवशी पहिल्यांदा दुकानाच्या आत बसली. कमरेला खोचलेल्या डबीवर तिने हात ठेवला होता.

मी नियम सांगितला. दुकानातल्या कोणीही बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, काही झालं तरी मदत करायची नाही. शेठनी मान डोलावली.

कमळाबाई पहिल्या बसल्या. अर्धा किलो कोळी मसाला मुलाच्या पत्त्यावर मागवा, एवढंच काम. भाव शोधण्यात त्यांची दहा मिनिटं गेली. शेठना राहवेना. "अहो कमळाबाई, भाव मला विचारा ना!" मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते गप्प झाले. अर्ज उघडला. "वडिलांचं पूर्ण नाव? अहो, माझ्या वडिलांना जाऊन चाळीस वर्षं झाली, त्यांना कशाला मसाला?" बाकीच्या दोघी हसल्या. "ओळखीच्या दोन व्यक्ती? हे काय, सोयरीक जमवताय की मसाला विकताय?" शेठ पुन्हा तोंड उघडायला गेले तेव्हा मी त्यांना विनंती केली की, जमत नसेल तर तोंडावर हात ठेवून बसा. आणि माझ्या देखत गोपीनाथ फणसे आपल्याच दुकानात तोंडावर हात ठेवून बसले. तेवढ्यानेही माझं निम्मं समाधान झालं असतं.

तासाभराने, थकून, कमळाबाईंनी "आमची परंपरा" दाबलं.

पाटी उतरली. अबोली उतरली. चार मिनिटांचा फोटो लहान करा असं माझ्या रिपोर्टात सातव्या नंबरावर होतं; पण पहिली चूक सोडली तर चाचणीआधी काही बदलायचं नाही, हाही नियमच. कपाळ आलं, कुंकू आलं. शेठचा तोंडावरचा हात खाली आला. त्यांना उठायचं होतं, पण उठून करणार काय? आई मात्र उठली. सावकाश चालत जाऊन ती स्क्रीनच्या बाजूला उभी राहिली आणि फोटो बघायला लागली. डोळे आले, नथ आली. कमळाबाईंनी फोटोकडे बघितलं, मग वर बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"अगं बाई," कमळाबाई म्हणाल्या. "तू... तू आपली मसालेवाली ना?"

ओठ आले, हनुवटी आली आणि खाली ओळ आली. जुन्या शिक्षिका, समोर अक्षर दिसलं की मोठ्याने वाचणार. "त्या कैलासवासी कोळीणआजींना..." त्या तिथेच अडकल्या.

"मी मेली नाय, बाय," आई म्हणाली. "कलव्याला हाय."

उत्तराचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, तुम्ही म्हणालात..."

"गोपीनाथराव," कमळाबाई खुर्ची वळवून बसल्या. वर्गात कॉपी करणाऱ्या पोराला पकडल्यावर जसा आवाज लागतो तसा त्यांचा लागला होता. "तुम्ही तर म्हणाला होतात, हिच्या मसाल्यात वीट असते. मी इथेच उभी होते. मग मूळ चव हिच्या हातची कशी? वीट होती तर ही फोटोत कशाला? आणि नव्हती तर..."

शेठनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "एक वाजत आला. दुकान बंद करायची वेळ झाली."

कोणी हललं नाही.

"ही जुनी प्रकरणं," ते म्हणाले. "कृती आमचीच आहे. पहिल्यापासून. पुरावा काय आहे?"

मग मी तेरा वर्षं मिटलेलं तोंड उघडलं. "यादीत दगडफूल दोनदा का आहे, शेठ?"

"कृती तशीच आहे."

"ती कृती दहा वर्षांच्या मुलीने तुमच्या पायरीवर बसून वहीच्या पानावर लिहिली होती. तिचं लक्ष बर्फाच्या गोळ्याकडे होतं. ती मुलगी मी. पान अजून तुमच्याकडे असेल, अक्षर ताडून बघा."

उत्तरा गल्ल्यामागच्या कपाटाकडे गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक पिवळं पान घेऊन आली. तिने ते कमळाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी पाचवी ओळ वाचली, एकोणिसावी वाचली, आणि पान मांडीवर ठेवलं.

"उत्तरा, तो फोटो काढून टाक," शेठ म्हणाले.

"काढायचा नाय," आई म्हणाली. "नाव लिव."

उत्तरा कीबोर्डवर बसली आणि थांबली. सासऱ्यांकडे बघत राहिली. त्यांना नाव ठाऊक नव्हतं. सहा वर्षं जिचा मसाला विकला तिला ते 'ए बाई' म्हणायचे. शेवटी मान खाली घालून त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"आता इचारलंस," आई म्हणाली. मग उत्तराला सावकाश सांगायला लागली. "लिव. ही शेवंती राघो नाखवा. कलव्याची. जिती हाय. हिचे मसाल्यात वीट नव्हती."

"विटेचं कशाला?" शेठ ओरडले. "वेबसाइटवर? सगळी अमेरिका वाचेल!"

"वाचू दे. डोंबिवलीनं ऐकलंय तं अमेरिकेनं पन वाचू दे." आईने डबी उघडली. आधी चिमूटभर आपल्या जिभेवर ठेवला, मग कमळाबाईंपुढे डबी धरली. कमळाबाईंनी चिमूट घेऊन चावली. त्यांचे डोळे भरून आले, तिखटाने की आणखी कशाने ते मी विचारलं नाही.

"दातांखाली कायी लागतं, बाय?"

"नाही गं," कमळाबाई म्हणाल्या. "तेव्हाही लागत नव्हतं. आम्हीच मेल्या..."

बाकीच्या दोघींनी न सांगता हात पुढे केले. उत्तराने केला. मग आई शेठपुढे जाऊन उभी राहिली. शेठनी दोन बोटांनी चिमूट घ्यायला हात पुढे केला, तेव्हा आईने तो हात धरून पालथ्याचा उताणा केला आणि त्याच्यावर मूठभर मसाला ठेवला.

"मूठभर," ती म्हणाली. "मी मूठभर खाल्ला व्हता."

"खा हो गोपीनाथराव," कमळाबाई म्हणाल्या. "आम्ही ऐकतोय."

त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. सुनेकडेही बघितलं. तिने नजर स्क्रीनवर नेली आणि टाइप करायला लागली. मग त्यांनी डोळे मिटून मूठ तोंडात टाकली आणि चावायला लागले. आम्ही सगळ्या पुढे वाकून ऐकत होतो. चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला, चष्म्याखालून पाणी वाहायला लागलं. दातांचा कराकरा आवाज कुठेच नव्हता.

ठसका लागला तेव्हा उत्तराने टायपिंग सोडलं आणि माठाकडे धावत जाऊन ग्लास भरला. मी तिच्या आडवी उभी राहिले.

"उत्तरा," मी म्हटलं, "मदत करायची नाही."